दोनच्या पुढे

यांखोच्या पोटाची कातडी
मी दोन बोटांत धरली आणि सोडली.
ती ओल्या कापडाच्या चुणीसारखी उभीच राहिली.
आम्हाला शिकवलंय, मनात मोजायचं: एक, दोन.
मी दोनच्या पुढे गेलो
आणि मोजणं सोडून दिलं.

चिल्वा सरोवराच्या मधोमध
लव्हाळ्याच्या गठ्ठ्यांवर तरंगतं हे झोपडं.
फटींतून खाली पाणी दिसतं.
तेच प्यायचं, त्यातच माटेंबा धुवायचे,
आणि अंधार पडला की मागच्या कडेला
बसायचंही त्याच्यावरच.
नवरा जाळं घेऊन चार दिवस दक्षिणेला.

किती वेळा झाली?
एनिफाकडे आकडा नव्हता.
तिनं बाहेर बोट केलं:
दोरीवर तिची तिन्ही चितेंजे,
लव्हाळ्यावर नवऱ्याचा शर्ट,
पिठाचं उसवलेलं पोतं,
मच्छरदाणीचा फाडलेला तुकडा.
शेवटची नुसतं तांदळाचं धुवण, म्हणाली.
रंगच नाही.

पलीकडच्या झोपड्यातली म्हातारी
वल्हं मारत येऊन सांगून गेली होती, दात येतायत.
दुपारी परत आली, टाळू चाचपली
आणि म्हणाली, लिवोंबो.
टाळू खरंच बसली होती,
अंगठ्याखाली बशी लागावी तशी.
म्हातारीनं नेमकं पाहिलं होतं,
फक्त उलट्या टोकाकडून.

मी कारणं सांगू शकलो असतो.
हे पाणी. मासे चिरलेले हे हात.
सकाळची फाला, उघडी राहिलेली,
दुपारी तशीच भरवलेली, कडेवर माश्या.
पण कारण ऐकताना आई
गुन्हा ऐकते.
आणि अकरा महिन्यांचं पोर
तेवढा वेळ थांबणार नव्हतं.

भीतीनं तोंडचं पाणी पळतं म्हणतात.
त्याचं खरोखर पळालं होतं.
जिभेला बोट लावलं तर चिकटलं.
डोळे कुणी आतून ओढल्यासारखे.
रडत होता,
पण रडण्यात थेंब नव्हता.

मग रडणंही थांबलं.
एनिफा हळूच म्हणाली, बरं झालं, झोपला.

यांखो म्हणजे उत्तर.
मी तीनदा हाक मारली.

होडीत उकळलेल्या पाण्याचा कॅन होता.
लिटरभर मोजून घेतलं, पुडी फोडली, ढवळलं.
मीठ-साखरेचं हे पाणी
आसवांच्या चवीपेक्षा खारट लागता कामा नये,
म्हणून आधी मी चाखलं.
मग काठी रोवली, होडी ढकलली.
किनाऱ्यावर सलाइन आहे,
आणि किनारा दोन तासांवर.

ती चमच्याचं टोक ओठांत धरायची, वाट बघायची.
ओघळलं. पुन्हा.
घशात काहीतरी हललं.
ओकला. मी म्हटलं, दहा मिनिटं थांब.
तिच्याकडे घड्याळ नव्हतं,
मी काठीचे हेलकावे मोजत राहिलो.
पुन्हा चमचा.

लव्हाळी दाट होत गेली, बगळे उठले.
मध्येच तिनं मान खाली घातली,
मांडीवरच्या पोत्याला नाक लावलं,
आणि मला अशा आवाजात हाक मारली
की माझी काठी चिखलातच अडकली.

ओलं झालंय, म्हणाली.
मागचं नाही. पुढचं.
गरम आहे.

थोडीशीच, गडद पिवळी लघवी.
मी काठी उपसत बसलो.
तिनं चमचा बुडवला.
किनारा अजून दिसत नव्हता.