उगवण

रास्ता पेठेतून रिक्षाने आल्या एस्तेरबाई नवगावकर.
रुमालात गुंडाळलेली छोटी बाटली काउंटरवर ठेवली,
सीलबंद प्रश्नपत्रिका ठेवावी तशी.

फॉर्मवर 'सोबत कोण' आणि 'नातं' असे दोन रकाने असतात.
दोन्ही कोरे.
मी पेन पुढे केलं, तर म्हणाल्या,
"राहू दे हो कासारबाई. आमचे सगळे अश्दोदला.
तिकडे अजून उजाडलंही नसेल."

चाळीस वर्षं कॉलेजात इंग्रजी शिकवलेलं,
तेही हजार वर्षांपूर्वीचं, जे कुणालाच नको असतं.
बाकावर बसून लिमलेटची गोळी
या गालातून त्या गालात नेत सांगत राहिल्या:
चीथ म्हणजे कोंब.
क्यूथ म्हणजे आपली माणसं, आपला मुलूख.
"एवढासा फरक. पोरं हमखास चुकायची,
आणि मी अर्धा मार्क कापायची.
आता वाटतं, देऊन टाकायला हवा होता."

नमुना मी प्लेटवर नागमोडी ओढला,
सदतीस अंशांवर झाकून ठेवला.
आम्ही म्हणतो, कल्चर लावलं.
विरजण लावतात, रोप लावतात, तसंच.

दुसऱ्या दिवशी फोन: "काही उगवलं का?"
हा प्रश्न रोज कितीतरी जण विचारतात, घाबरून.
यांनी विचारला तो कुंडीत वाकून पाहिल्यासारखा.
उगवलं होतं. गुलाबी, टपोरं, रेघेवर रेघ.

"जर्म," त्या म्हणाल्या, "हा मात्र लॅटिनमधून आलेला. मूळ अर्थ अंकुर.
एकाच कोंबातून फुटलेले सख्खे, ते जर्मन.
त्या देशाचा काही संबंध नाही हं."
मी म्हटलं, आमच्याकडे जर्मन म्हणजे पातेलं.
इतक्या हसल्या की खोकला लागला.
मग हळू आवाजात,
"जंतूसुद्धा जन्मातलाच की.
जो जन्मला तो. संस्कृतात लेकरालाही म्हणत."

रिपोर्ट टाइप केला: कॉलनी, एक लाखाच्या वर.
पर्वतीच्या पायथ्याला आमचीही कॉलनीच,
म्युनिसिपालटीची, तीन इमारती.
इतकी वर्षं हा शब्द टाइप करते,
बोट कधी अडलं नव्हतं.
कुठल्या औषधाने मरतील, ते खालच्या ओळीत असतं.
तेही टाइप केलं.

कोरा रकाना कॉम्प्युटर पुढे सरकू देत नाही.
'नातं' पुढे मी लिहिलं, चीथ.
त्याने मुकाट्याने घेतलं.

तांबट आळीत माझा सख्खा चुलतभाऊ राहतो.
एका भिंतीपायी नऊ वर्षं कोर्टात भेटतो आम्ही.
त्याला हे सांगायला गेले तर वकिलाला विचारेल,
याचा दाव्याशी काय संबंध.

रात्री पंचा ओला करून गाठ मारली,
जर्मनच्या पातेल्यात ठेवून वर ताटली घातली.
रिपोर्ट न्यायला कुणी येणार नव्हतं,
उद्या सुटल्यावर रास्ता पेठ तशी वाटेवर नाही.
एकटीला पुरेल त्याहून
मटकी जरा जास्तच भिजवली होती.