खिडकीकडे पाठ

वाळपईच्या शाळेतलं सभागृह, पाच दिवसांचं प्रशिक्षण.
सही, एक पेन, एक फाइल,
मधल्या सुट्टीत पातळभाजी-पाव.
आम्ही छत्तीस शिक्षक,
सगळे शेवटच्या बाकाच्या शोधात.
पहिल्या दिवशी पडद्यावरून
अपंगत्वाचे एकवीस प्रकार सरकत गेले.
चवथीच्या दूर्वा मोजाव्यात तसे मी ते मोजून घेतले
आणि जुडी बांधून फाइलीत ठेवून दिली.

हळर्णकर सर कुजबुजले,
"एक मास्तर, चार इयत्ता, वर दुपारचं जेवण.
त्यात आता हे एकवीस."
आम्ही हसलो.
खोटं नव्हतं ते.

तिसऱ्या दिवशी इव्हेट कार्दोज आली.
कानामागे काजूच्या बीएवढं यंत्र,
आवाज सपाट, मध्येच पायरी चुकल्यासारखा वर जाणारा.
आधी तिनं पंखे बंद करायला लावले.
मग म्हणाली, एकेकानं पुढे या, शिकवा.
मी हातच्याची बेरीज घेतली.
एकोणीस वर्षांत खडू आणि जीभ
एकाच गाड्याला जुंपलेली,
लिहीत गेले, बोलत गेले.
"बाई, तुमचो हातचो खंय गेलो?"
सभागृह हसलं. ती हसली नाही.
"तुमी फळ्याक शिकयलें. ताका कळ्ळें?"

मग तिनं मला बाकावर बसवलं
आणि स्वतः खिडकीकडे पाठ करून उभी राहिली,
जशी मी उभी राहते, रोज.
मागे एप्रिलचं ऊन,
चेहऱ्याच्या जागी काळा डाग.
आवाज न काढता ती काहीतरी बोलली.
मी मान डोलवली.
"कितें म्हणलें हांवें?"
माहीत नाही.
"मागीर मान कित्याक हालयली?"

सुकांती गावडे मान डोलवायची.
नगरगावच्या शाळेत चार वर्षं,
कुठल्याही प्रश्नाला मान.
मी प्रगतीपुस्तकात लिहिलं होतं:
लक्ष देत नाही. अक्षर सुबक, फळ्यावरचं सगळं उतरवते.
एकाखाली एक दोन ओळी, माझ्याच हातच्या,
आणि मी त्या एकत्र कधी वाचल्याच नाहीत.

तिचा बाप एकदा आला होता,
बोटं काजूच्या चिकानं काळी.
उंबऱ्याबाहेरूनच म्हणाला,
"बाई, उलो मारलो तर येना.
जमनीर पांय आपटलो की वळटा."
मी म्हटलं, लाडावून ठेवलीय तुम्ही.
त्यानं हात जोडले होते, बहुतेक.
मी वह्या तपासत होते.

शेवटच्या दिवशी छापील कागद आला:
प्रशिक्षण उपयुक्त वाटले का?
पाच चौकोन. मी पाचव्यात खूण केली,
मग पेन परत केलं, ते न्यायचं असतं हे विसरून.

सोमवारी टेबल ओढलं.
लाल फरशीवर चार फिकट चौकोन राहिले.
"बाई, तुमी जागा चुकलात," पहिलीतली पोरं ओरडली.
आता ऊन माझ्या डोळ्यांत येतं,
लिहिते, थांबते, वळते, मग बोलते.
मधल्या त्या शांततेत
कुणाचा तरी कंपास पडतो, कुणी फिदीफिदी हसतं,
आणि बेरीज एका तासात संपत नाही.
या वर्गात तसं कुणी नाही.
म्हणजे, मला अजून कळलेलं नाही.

सुकांती होंड्याच्या काजू कारखान्यात असते.
गेल्या मे महिन्यात तिथून मी अर्धा किलो घेतले,
वजन तिनंच करून दिलं, चार दाणे वर घातले.
पर्समध्ये सुटे पैसे शोधता शोधता
खाली बघतच मी विचारलं होतं,
कशी आहेस गं?

वर पाहिलं तेव्हा ती
मान डोलवत होती.