ओळखीची खूण

आठवडाभर खानापूरच्या कचेरीत
मी माणसांच्या खुणा लिहितो.
डाव्या भुवईवर तीळ. हनुवटीखाली जुना व्रण.
रकाना अर्ध्या बोटाचा, नाव मराठी, अक्षर कानडी;
अष्टेकरांच्या 'ष्ट'मधला ट खाली लोंबतो
आणि खालच्या ओळीतल्या वयावर जाऊन बसतो.

रविवारी कणकुंबीची पहिली गाडी धरतो.
खिशात भिंग, शिवणाची एक सुई, शंभरपानी वही.
चोर्ल्याच्या अलीकडे सडा आहे, जांभ्याचा,
भाद्रपदात त्यावर बोटभर उंचीचं गाव वसतं.

पोटावर आडवं व्हावं लागतं.
उभ्यानं नुसता निळा रंग दिसतो,
आणि रंगावर कुणी विसंबू नये.
निळे इथं डझनभर तरी असतील.
पाकळ्या मोजायच्या. तीन.
दोन मोठ्या आणि तिसरी खालची, फिकट,
पाहुण्यांत बसलेल्या मोलकरणीसारखी?
मग देठाशी दुमडलेली हिरवी होडी शोधायची.
होडी असली तर केना. उठायचं, पँट झटकायची.
तिन्ही सारख्या असतील तर आडवंच राहायचं.
तळाशी सुट्या, की जुळून नळी झालेली?
सुईचं टोक लावायचं, श्वास धरून,
कारण आपल्या श्वासानंही ते हलतं.
नळी असली तर आभाळी, दांड्यांना निळी लव.
सीतेच्या आसवाला समोरून बघून भागत नाही,
मागं शेंडीसारखी सोंड आहे का, ते बघायचं.
गेंदाच्या पांढऱ्या गुंड्यांपुढं मी हात टेकले.
त्यांचं बी बघावं लागतं म्हणे,
माझं भिंग दहापटीचं.

हे एक मात्र अडलंय.
होडी नाही, नळी नाही,
तीन सारख्या, सुट्या, जांभळट निळ्या.
सहा दांड्यांतल्या तीनच कामाच्या,
बाकीच्या नुसत्या हजेरीला.
चौथा रविवार.

"काय पडलंय ओ तुमचं?"
भरमू. मागं सात म्हशी.
पडलं नाही म्हटलं, हे फूल बघतोय.
तो वाकलासुद्धा नाही.
"दहाची गाडी माघारी गेली की मिटतंय ते.
त्या पाण्याकडचं दुपारपतोर उघडं असतंय.
तोंड एकच हाय दोघांचं."
पाण्याकडचं?
मी चार आठवडे दोन्ही एकच समजत होतो.

वहीत वेळेचा रकाना नव्हता.
समासात लिहिलं: दहाची गाडी.

सोमवारी हब्बनहट्टीची साळूबाई.
खूण सांगा, म्हटलं.
"कसली खूण? न्हाई की ओ."
टेबलावर दोन्ही हात पालथे ठेवले तिनं,
तपासून घ्या म्हणावं तसे.
डाव्या तर्जनीवर विळा लागल्याची पांढरी कोर.
लिहायला गेलो आणि थांबलो.
तिच्या आधी टिपव्वाला तीच, तिथंच,
त्याआधीच्या दोघींनाही.
सगळ्यांच्यात असते ती खूण निवडायला चालत नाही,
सड्यावर हा पहिला नियम.
पण रकाना रिकामा सोडला तर संगणक पुढं सरकत नाही.
"दुसरं काही? जन्मखूण, डाग?"
ती हसली.
"लांबनं चालत आले की वळखतात की सगळे.
पोरं म्हणतात, आई आली बघ.
तोंड दिसायच्या आधी."

मी लिहिलं: डाव्या तर्जनीवर विळ्याचा व्रण.
कोर शिक्क्याखाली अर्धी झाकली गेली.

ती गेल्यावर खिडकीपाशी उठून उभा राहिलो.
स्टँडकडं पाच बायका चालल्या होत्या,
पाठमोऱ्या, डोक्यावर पदर, हातात पिशवी.
पहिली नव्हे. तिसरी असावी.
की चौथी?
मागून कुणीतरी टोकन ओरडलं.

येत्या रविवारी
सड्यावर थोडा वेळ उभ्यानंच बघणार आहे.
भिंग खिशात असू दे.