मुद्दा क्रमांक सात

शाखेच्या रजिस्टरात रकाने मी स्वतः आखले:
नाव, हुद्दा, काय होतं.
चौथा, 'कशामुळे', आखायचा राहिला.
पट्टी सरकली, चहा आला, मीटिंग सुरू झाली.

लवू घवाळी, कीमन, बोगद्यात सात वर्षं.
काय होतं?
"कायव नाय. सकालची थुकी काली पडते, येवढाच."
हे मी शाईनं लिहिलं.
मग तो खुर्ची पुढं ओढून म्हणाला,
कान गेल्याचं मात्र लिवू नको, भाऊ.
डीकॅट करतील, भत्ता जाईल,
हातोडा काढून घेतील नि हापिसात पाणी भरायला बसवतील.

कानाच्या तपासणीला डॉक्टर मागं उभे राहून कुजबुजतात.
लवूनं समोरच्या खिडकीच्या काचेत त्यांचे ओठ वाचले:
तेवीस. एकोणचाळीस.
पास.

बोगद्यात काच नसते.
तिथं तो रुळावर तळवा ठेवतो,
गाडी हाताला कळते,
मग कोनाड्यात शिरून पाठ खडकाला लावतो.
मालगाडी गेल्यावर वीस मिनिटं
त्याच्याच हातातली बॅटरी त्याला दिसत नाही.

सुगंधा मांडवकर, गँग नंबर चार.
ती आठ तास पाणी पीत नाही.
प्यायलं तर जायचं कुठं,
एका अंगाला कापलेला कातळ, दुसऱ्या अंगाला दरी.
मुतखडा पुडीत बांधून आणला होता तिनं, पुरावा म्हणून.
मी उजेडात धरला.
रुळाखालच्या खडीसारखाच, धारेचा.

मुद्दा क्रमांक सात: बोगद्यातली हवा मोजावी.
चार महिन्यांनी उत्तर आलं:
सदर कर्मचाऱ्यांना विडीचे व्यसन आहे काय, ते कळवावे.

इस्माईल मुकादम, आमचे खजिनदार, वर्षाला दोन वाक्यं बोलणारे.
उठले. खिशातला इस्त्रीचा रुमाल काढला.
"हा विडी ओढत नाही. हा लावा आत."

एक पाळीभर रुमाल कोनाड्यातल्या खिळ्याला होता.
संध्याकाळी लवूनं तो भरल्या ताटासारखा
दोन्ही हातांवर आडवा धरून आणला,
काजळी सांडू नये म्हणून.
लिफाफ्यावर मुद्द्याचा नंबर घातला.
आवक खिडकीत शिक्का मारून झाल्यावर
बाईंनी बोटं पदराला पुसली.
तेवढीच पोच मिळाली.

पुढं तारा आल्या, विजेची इंजिनं आली.
पत्र आलं: मुद्दा सात निकाली.

लवू आता गावखडीला असतो.
समुद्र हाकेवर, पण गाज त्याला पोचत नाही.
ओटीवर बसल्या बसल्या जमिनीवर तळवा टेकतो,
"भरती हाय," म्हणतो.
बहुतेक वेळा असते.
मग खोकला येतो, आणि आम्ही दोघं तो संपायची वाट बघतो.

रजिस्टर मी बरोबर नेलं होतं.
चौथा रकाना तिथंच आखला, पट्टीशिवाय.
आता लिवू काय कानाचं?
त्यानं माझ्या ओठांकडं बघितलं, जरा जास्तच वेळ.
"लिव," म्हणाला. "शाईनं."