घडणावळ

आउग्सबुर्गच्या आमच्या गल्लीत
पहाटेपासून ठोकाठोक.
परगावचा माणूस कानांवर हात ठेवून जातो.
आमची पोरं त्याच आवाजात झोपतात
आणि रविवारी हातोड्या गप्प असल्या
की दचकून उठतात.

मी किलियान. येरेमियास कोल्बेनश्लाग यांच्या कारखान्यात
चौथ्या ऐरणीवर.
ड्यूकसाहेबांच्या मेजाचं काम आलं तेव्हा
माझ्या वाट्याला द्राक्षवेलीची उजवी कड आली:
सदतीस पानं, नऊ घड,
आणि एक गोगलगाय.
गोगलगाय नक्षीच्या कागदावर नव्हती.
परसातल्या कोबीवरून उचलून
मी ती राळेच्या वाडग्याशेजारी ठेवली,
ती निघून जायच्या आत
तिची पाठ पत्र्यात उतरवली.

चांदी पाठीमागून ठोकायची, पुढून दाबायची,
ताठरली की भट्टीत लाल करून
तिचा हट्ट काढायचा,
पुन्हा राळ, पुन्हा ठोका.
अकरा आठवडे.
नजरच अशी झाली की
आपोलोनिया ताट ठेवायला वाकली
तर मला तिच्या गालाची
आतली बाजू दिसायची.

नगराचा शिक्का बसला. देवदाराचं बोंड, नखाएवढं.
गव्हाच्या काडात निजवून
दोन गाड्या लेख नदीच्या पुलावरून गेल्या.
पुढचं सगळं ऐकीव.
म्हणे, मेणबत्त्या लागल्या की
परदेशी वकील बोलता बोलता थांबायचे.
म्हणे, त्या मेजावर कधी कुणी
काहीच ठेवलं नाही.
एक पेलासुद्धा नाही.

सात वर्षांनी त्याच पुलावरून परत आलं.
या खेपेला काड नव्हतं.
लढाई लांबली होती,
शिपायांचे पगार तुंबले होते.
मालक माझ्याकडे न बघता म्हणाले,
किलियान, खिळे कुठं आहेत ते तुलाच ठाऊक.

ठाऊक होतं.
प्रत्येक पानाच्या देठाखाली एक,
दिसू नये म्हणून मीच दडवलेला.
लावताना जिवाची काहिली झाली होती;
काढायला एक दुपार पुरली.

दरबाराचा कारकून झेवाल्ड तराजू घेऊन बसला होता.
किती मार्क, किती लोट, तूट किती,
सुवाच्य अक्षरात लिहीत होता.
मी विचारलं, घडणावळ?
तो हसला नाही. माणूस वाईट नव्हता.
वही माझ्याकडे फिरवून म्हणाला,
बघ, रकानाच नाही.

गोगलगाय माझ्या मुठीत होती.
झेवाल्डनं पाहिलं,
बोलला काही नाही,
नुसतं पारडं पुढं केलं.
काटा जागचा हललासुद्धा नाही.
तरी ती मुशीत गेली.
पानं आधी कडेनं वळली,
खऱ्या पानांसारखीच,
मग एकदम कुणाचीच राहिली नाहीत.

उरला तो आतला सांगाडा.
लिंडनच्या लाकडाचा, ओबडधोबड, चार पायांचा.
चांदीच्या मेजात लाकूड असतं
हे दरबारात किती जणांना माहीत असेल, कोण जाणे.
मालक म्हणाले, भट्टीत घाल.
मी तो अंधार पडल्यावर
पाठीवर घेऊन घरी आणला.
जिना अरुंद. एक पाय कापावा लागला,
तो नंतर जोडला. अजून डुगडुगतो.

आपोलोनियानं राखेच्या पाण्यानं तो तीनदा घासला,
वास घेतला, नाक मुरडलं,
आणि खिडकीपाशी ओढला.
शनिवारी ती त्यावर रायचं पीठ मळते.
काळं, चिकट पीठ
खिळ्यांच्या भोकांत शिरतं,
गोळा उलटला की त्याच्या पोटावर
बारीक उठाव आलेला असतो,
पाठीमागून कुणी हलक्या हातानं
ठोकल्यासारखा.

धाकटी ऊर्सेल स्टुलावर चढून ते ठिपके मोजते.
तिला बारापर्यंतच येतं.
बारा झाले
की बोट तिथंच ठेवून
पुन्हा एकपासून सुरू करते.