वजनकाटा, उद्यमबाग

मी हे शहर वजनानं ओळखतो.
दस्तगीरभाईंच्या भंगार अड्ड्यात, काट्यामागच्या पत्र्याच्या खोलीत
एकोणतीस वर्षं बसलोय.
खिडकी एकच, तीही ट्रकच्या चाकांच्या उंचीची.

सुरुवातीला उसाचे चरक यायचे,
दात्यांत गूळ सुकून काळा झालेला.
मुंग्याही वजनात धराव्या लागत.
मग विहिरींवरून उतरवलेली ऑइल इंजिनं,
कँपातल्या लिलावातल्या खाटा,
एकदा एक अख्खा लोखंडी जिना, कुठेच न जाणारा.
फौंड्री सगळं गिळायची.
संध्याकाळी भट्टीत चरक,
सकाळी साच्यात पंप.
खानापूरकडच्या एखाद्या मळ्यात
माझ्या वहीतला चरक आता पाणी ओढत असेल,
असं मला कुणी सांगितलं नाही.
मीच आपलं धरून चाललो.

माग यायला लागले त्या वर्षी
वही दोनदा संपली.
वडगाव, खासबाग, शहापूर.
टेम्पोत उलटा पडलेला माग किती गप्प असतो!
ज्या गल्लीत खटखट थांबली की
पाळण्यातलं पोर दचकून उठायचं
तिथली ही लोखंडं.
बसलिंगण्णा सोनटक्कींनी चार आणले.
कन्नडमध्ये भाव विचारला, मराठीत मान्य केला,
आणि काट्यावर चढवण्याआधी
एका मागातला धोटा काढून खिशात घातला.
अर्धा किलो भरला असता.
मी न विचारता पूर्ण वजन लिहिलं.
दस्तगीरभाईंनी पाहिलं,
आणि चहा सांगितला. तीन.

नंतर हायड्रॉलिकवाले आले.
त्यांचं भंगारसुद्धा चकचकीत,
नाकारलेल्या माळावर गोल सुबक भोकं,
का नाकारला ते डोळ्याला कळायचं नाही.
पोरगा म्हणाला, बाबा, दोन मायक्रॉन चुकलं.
मी मायक्रॉन वहीत कुठल्या रकान्यात लिहू?
आमचा काटा पाच किलोनं हलतो.
त्यावर म्हैस उभी केली तर
म्हशीनं शेपूट हलवल्याचं त्याला कळत नाही.

परवा हत्तरगीच्या वाटेवरून गाडी आली.
अॅल्युमिनियमचा कीस, गाडी भरून,
आणि वजन बघतो तर काय, बारदानाएवढं!
चलनावर सही करायला एक पोरगी उतरली,
गळ्यात ओळखपत्र, पायात जाड बूट.
पवित्रा बसलिंगप्पा सोनटक्की.
मी नाव दोनदा वाचलं.
ती किसाच्या ढिगापाशी उभी राहिली,
एक लांब कुरळी तार उचलून
बोटाभोवती गुंडाळू लागली,
भरभर, न बघता,
कांडी भरतात तशी.
मग तिचं तिलाच कळलं आणि तिनं ती टाकून दिली.

धोटा आहे का गं अजून?
हाय की. टीव्हीवर. आई त्यात रिमोट ठेवत्या.
आणि अण्णा?
वाचमन. आमच्याच कंपनीत, रात्रपाळी.
मी सकाळी आत जाताना माझी बॅग तेच तपासतात.
ती हसली. मला हसावं की नाही ते कळेना,
मी शिक्का शोधत बसलो.

तेवढ्यात सांबऱ्याकडून विमान उठलं.
छोटं, पंख्याचं, पत्रा थरथरवत गेलं.
मी खिडकीतून वाकून बघितलं,
चाकांच्या वर बघायची मला सवय नाही.
म्हटलं, ह्यात असेल का गं तू तपासलेलं काही?
ती म्हणाली, नाही मामा,
आमचं त्यात नस्तंय.
आमचं मोठ्यात अस्तंय.
खरं मोठं हितं उतरत नाही,
तेवढी धावपट्टी नाही आपल्यात.

चलनाची हिरवी प्रत तिनं घडी करून नेली.
मागची गाडी हॉर्न देत होती.
गेट, ग्रिल, दोन सायकली,
आणि एक शाळेची घंटा.
मी वही उघडली.