परत करायची तारीख

कुष्टा वेळीप कादंबरी नेत नाही.
"खोट्या माणसांची दुःखं कशाला, बाय,
खऱ्या दगडांचीच अजून वाचून व्हायचीत,"
म्हणतो, आणि सांग्याच्या आमच्या वाचनालयात
थेट मागच्या कपाटाकडे वळतो,
जिथे पुरातत्त्व, भूगर्भ, ग्रहतारे
एकाच खणात कोंबलेत, वाळवीच्या पावडरीसकट.

पंचवीस वर्षं टिपर चालवला त्याने.
खाणी थांबल्या तेव्हा वाचायला लागला.
पान उलटताना बोट जिभेला लावतो,
पृथ्वीच्या जन्माचं पुस्तक
कोपऱ्याकोपऱ्यात तांबूस झालंय.
खनिजाने की पानसुपारीने, मी विचारत नाही.

एक पुस्तक त्याने सहा वेळा नेलं.
आदिसमुद्रात लोखंड विरघळलेलं होतं,
मग डोळ्यांना न दिसणारे जीव श्वास सोडू लागले
आणि अख्ख्या समुद्राला गंज चढला.
गंज तळाशी बसला, थरावर थर,
अडीच अब्ज वर्षांपूर्वी.
त्या पानाच्या समासात पेन्सिलीचं गणित:
खेप एक, टन दहा.
दिवसाला पाच खेपा, शेळवणच्या धक्क्यावर.
गुणिले दिवस, गुणिले वर्षं,
हातचे तीन,
आणि उत्तराच्या जागी:
एका खेपेत मी किती काळ भरून नेला?

पुस्तकात लिहिलं तर दंड असतो.
मी खोडरबर काढला.
परत ड्रॉवरमध्ये ठेवला.

माघात एकदा तो मला उसगाळीमळाला घेऊन गेला,
कुशावतीच्या काठी.
जांभ्याचा सडा, भर दुपारी कोरा.
"काही दिसत नाही," मी म्हटलं.
त्याने बाटलीतलं पाणी ओतलं,
तापलेल्या रेडिएटरमध्ये ओततात तसं, जपून,
तोंड जरा बाजूला करून,
आणि दगडातून बैल उठला.
आधी शिंगं. मग वशिंड.
पोटात कुणीतरी ओढलेल्या रेघा.
कोणी, कधी, कशाने कोरलं,
यावर त्याच्या आवडीच्या तीन पुस्तकांत तीन मतं.
तिन्ही त्याला तोंडपाठ,
एकही सांगितलं नाही.

पाणी सुकेपर्यंत आम्ही वाचत राहिलो.
वशिंड शेवटी गेलं.

सोमवारी तो काउंटरवर उभा.
"आता कुठलं देऊ?"
"तेंच," म्हणाला.
मी कार्ड काढलं, सातवी ओळ भरली,
शाई लागेना म्हणून शिक्का दोनदा दाबला.
पंधरा दिवसांत परत.